चॅनल गेलं कुठं? केबलच्या भांडणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही नागपुरात नंदनवनला राहतो, घरी मी आणि माझ्या सासूबाई, वय 81. त्यांना आता नीट दिसत नाही पण संध्याकाळच्या मालिका त्या नुसत्या आवाजावर ओळखतात, कोण बोलतंय, कोण रडतंय सगळं सांगतात. मागच्या महिन्यात एका ग्रुपची सगळी चॅनल आठ दिवस गायब होती. केबलवाला म्हणतो चॅनलवाल्यांनी बंद केलं, आणि चॅनलवाल्यांना फोन लावला तर म्हणतात तुमच्या ऑपरेटरला विचारा. सासूबाई रोज सात वाजता विचारायच्या, आलं का गं? पैसे तर आम्ही महिन्याचे पूर्ण भरलेले. खोटं कोण बोलतंय?

उत्तर: ताई, दोघंही अर्धं अर्धं खरं बोलत होते, म्हणून तर तुम्हाला काही कळलं नाही. मी बरीच वर्षं इथंच नागपुरात एका केबल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम केलंय, तर तिथलंच सांगतो. एसी लावलेली खोली, लोखंडी रॅक, आणि त्यात एकावर एक रचलेले, सॅटेलाइटवरून आलेलं चॅनल उघडणारे डबे, आयआरडी म्हणतात त्याला. हा डबा आणि त्यातलं कार्ड चॅनलवाली कंपनीच देते आणि तो बंद करायला कोणाला नागपुरात यावं लागत नाही, तिकडं बसल्या बसल्या त्यांनी कार्ड बंद केलं की इकडं चित्र गेलं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, मिनिटभरात ओळीनं सात-आठ चॅनल काळे पडले आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. तर बटण चॅनलवाल्यांनीच दाबलं, हे तुमच्या केबलवाल्याचं खरं आहे. पण तुमच्या केबलवाल्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीनं करारावर सही केली नव्हती म्हणून दाबलं, हे चॅनलवाल्यांचंही खरं आहे.

आता भांडण कशाचं, तर पैशाची ये-जा दोन्ही बाजूंनी असते. ज्या चॅनलशिवाय गिऱ्हाईक राहणारच नाही, मोठ्या मालिका, क्रिकेट, त्यासाठी केबल कंपनी चॅनलला पैसे देते. आणि ज्या चॅनलला कोणी ओळखत नाही ते उलट केबल कंपनीला पैसे देतं की बाबा मला तुझ्या यादीत ठेव, याला कॅरेज फी म्हणतात. म्हणजे ज्याची गरज जास्त त्याच्या खिशातून पैसे जातात. करार संपत आला की दोघंही जोर लावतात, आणि जोर लावायला दोघांकडं एकच वस्तू असते, आपला टीव्ही.

फेब्रुवारी 2023 आठवतो का? 9 तारखेला इथं जामठ्याच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू झाली, तिसऱ्याच दिवशी आपण डावानं जिंकलो, गाव नुसतं खुशीत होतं. पुढची कसोटी दिल्लीला, 17 पासून. आणि 18 तारखेला ऐन सामन्यात डिस्ने स्टार, झी आणि सोनी तिघांनी ज्या केबल कंपन्यांनी नव्या दरांवर सही केली नव्हती त्यांचे सिग्नल तोडले. देशभर साडेचार कोटी घरांवर परिणाम झाला असं केबल कंपन्यांच्या संघटनेनं सांगितलं होतं. 19 ला जडेजानं 7 विकेट काढल्या आणि कितीतरी घरांत तो दिवस मोबाईलवर नुसता स्कोअर बघण्यात गेला. चॅनलवाल्यांचं म्हणणं, ट्रायनं, म्हणजे टीव्ही-केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नोव्हेंबर 2022 मध्ये नियम बदलले, बुकेत, म्हणजे अनेक चॅनलच्या एकत्र गठ्ठ्यात, घालायच्या चॅनलची कमाल किंमत परत 12 वरून 19 रुपये केली, मग आम्ही नवे दर लावले तर चुकलं काय. केबलवाल्यांचं म्हणणं, एवढी वाढ गिऱ्हाईकावर टाकली तर तो केबलच काढून टाकेल. प्रकरण केरळ हायकोर्टात गेलं, आणि शेवटी आठवड्याभरात सह्या झाल्या, चॅनल आले. वाढलेले दर शेवटी भरले ते आपणच.

मला राग येतो तो याचाच. करार दोन कंपन्यांमधला, सही त्यांची, वेळ त्यांनी ठरवायची आणि अंधारात बसायचं 81 वर्षांच्या बाईनं, जिनं पैसे आधीच दिलेत! नियमात सिग्नल तोडण्याआधी तीन आठवड्यांची नोटीस आहे, पण ती एक कंपनी दुसरीला देते. आपल्यापर्यंत येते ती टीव्हीच्या खालची पट्टी, तीही अशी लिहिलेली की वाचणारा समोरच्यावर चिडावा. ज्याला दिसतच नाही त्यानं ती पट्टी वाचायची कशी?

तुमच्या पैशांचं म्हणाल तर असं करा. ऑपरेटरकडून महिन्याचं बिल मागा, त्यात नेटवर्क फी, म्हणजे नुसत्या जोडणीचे पैसे, वेगळी आणि चॅनलचे पैसे वेगळे दिसले पाहिजेत. जे आठ दिवस चॅनल नव्हतं त्याचे पैसे वळते करा म्हणून केबल कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. तिथं दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लेखी द्या, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ट्राय एकेका माणसाची तक्रार सोडवत बसत नाही आणि दिल्लीचं टीडीसॅट हे न्यायाधिकरण मुख्यतः कंपन्यांच्या आपसातल्या भांडणासाठी आहे, तिकडं वेळ घालवू नका. आणि सासूबाईंना ज्या दोन-तीन मालिका लागतात त्यांचे चॅनल सुटे घ्या, पूर्ण बुके घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, 2019 पासून तो तुमचा हक्क आहे. फक्त बेरीज करून बघा, कारण बुकेत 45 टक्क्यांपर्यंत सूट देता येते, त्यामुळं पाच-सहा चॅनल हवे असतील तर कधी कधी बुकेच स्वस्त पडतो.

प्रश्न: भाऊ, मी स्वतः लोकल केबल ऑपरेटर आहो, जरीपटका भागात. चॅनल कंपन्यांचं भांडण चालू झालं की लोकं मलेच शिव्या देऊन राहिले, एकानं तर वायर कापून टाकली. लोकांना वाटते सगळा पैसा मीच खाऊन राहिलो. तुम्ही लिहा ना काही.

उत्तर: लिहितो भाऊ. 19 रुपयांचं चॅनल घेतलं तर त्यातले कमीत कमी 20 टक्के, म्हणजे 3 रुपये 80 पैसे, वितरणासाठी खाली येतात, त्यावर अजून 15 टक्क्यांपर्यंत सूट चॅनलवाला केबल कंपनीला देऊ शकतो, बाकीचा पैसा वर जातो. आणि ते 3.80 सुद्धा एकट्या गल्लीतल्या माणसाचे नाहीत, मोठी कंपनी आणि लोकल ऑपरेटर यांच्यात वाटले जातात, वेगळा करार नसेल तर 55 आणि 45 या हिशोबानं. नेटवर्क फीचंही तसंच. पूर्वी ती फी 130 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, याच्या वर घेता यायची नाही, जुलै 2024 मध्ये ट्रायनं ती मर्यादा काढली, आता ज्याची त्याची फी वेगळी. तर वाचकांनो, पावसात शिडी लावून खांबावर चढणारा माणूस तुमच्या मालिकेचा दर ठरवत नाही हो, त्याच्या वायरी कापून काय मिळणार?

पण भाऊ, एक तुम्हालाही. पावती देत जा. पावती नाही म्हणून लोकांना वाटतं सगळं तुमच्याच खिशात जातं.

प्रश्न: आम्ही काही मित्र मिळून वऱ्हाडी बोलीत एक चॅनल काढायचा विचार करतोय, शेती, संत्रा, झाडीपट्टीची नाटकं वगैरे. धरमपेठेत छोटा स्टुडिओ आहे. केबलवर जायला कॅरेज फी किती लागेल?

उत्तर: तुमची कल्पना वाचून खरंच बरं वाटलं. सॅटेलाइट चॅनलला आधी माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, तो खर्च वेगळा. फीचं म्हणाल तर कमाल दर महिन्याला एका घरामागे 20 पैसे. ऐकायला काहीच नाही ना? पण ही फी तुमचं चॅनल किती घरांत लागतं त्यावर नसते, कंपनीनं जो टार्गेट मार्केट, म्हणजे फीच्या हिशोबासाठी धरलेला भाग, जाहीर केलाय त्यातल्या सगळ्या चालू घरांवर असते. 50 हजार घरं असली तर महिन्याला 10 हजार, पण कंपनीनं पूर्ण महाराष्ट्र एकच मार्केट धरला आणि तिथं तिची 10 लाख घरं असली तर 2 लाख रुपये, दर महिन्याला, एका कंपनीला! तुमची झाडीपट्टीची नाटकं बघणार गोंदिया-गडचिरोलीकडचा माणूस आणि तुम्ही पैसे भरणार कोल्हापूरच्या घरांचेही.

सवलत आहे, पण ती चाललेल्या चॅनलला. 5 टक्के घरांनी घेतलं की फी पाऊण होते, 10 टक्क्यांना अर्धी, 15 टक्क्यांना पाव आणि 20 टक्क्यांच्या पुढं शून्य. जो आधीच लोकप्रिय त्याला माफ आणि जो नवा त्याला पूर्ण, बोलीभाषेतलं चॅनल उभं राहायला हे फार जड जातं आणि हा नियम बदलायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण जुना काळ यापेक्षा वाईट होता बरं का. घरोघरी सेट-टॉप बॉक्स यायच्या आधी, नागपुरात ते 2013 मध्ये आले, वायरीतून जेमतेम शंभरेक चॅनल जायचे आणि त्यातल्या स्वच्छ दिसणाऱ्या जागांसाठी बोली लागायची, दर कोणी लिहूनसुद्धा ठेवत नव्हतं. आज निदान 20 पैसे हा आकडा कागदावर आहे, त्यापेक्षा जास्त कोणी मागितलं तर तुम्ही तो कागद दाखवू शकता. डीडी फ्री डिशवर गावागावात पोचता येतं, पण तिथंही खासगी चॅनलला जागा लिलावात घ्यावी लागते, म्हणजे पैसे आलेच.

माझं ऐकाल तर सॅटेलाइटचा खर्च करायच्या आधी सहा महिने यूट्यूबवर रोज कार्यक्रम टाका, नाटक मंडळ्यांशी लेखी करार करा, आणि गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून किती लोक बघतात त्याचे आकडे वहीत जपून ठेवा. केबल कंपनीच्या ऑफिसात गेल्यावर तिथला माणूस पहिलं हेच विचारतो, कोण बघणार हे? त्या वेळी ती वही टेबलावर ठेवता आली पाहिजे. आणि पहिलं नाटक टाकलं की लिंक मला पाठवा, मी बघणार आहे.