कोलंबियाचा फुटबॉलपटू हामेस रॉड्रिगेझ मोठ्या क्लबात नाही, तरी इन्स्टाग्रामवर त्याचे एवढे फॉलोअर्स कसे? विकत घेतलेले असतील का?

नाही, मला तसं अजिबात वाटत नाही. आकडा पाच कोटींच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ कोलंबियाच्या लोकसंख्येएवढा, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण हे फॉलोअर्स कुठून आले ते समजायला २०१४ च्या वर्ल्ड कपकडे जावं लागतं.

कोलंबिया तब्बल १६ वर्षांनी वर्ल्ड कप खेळत होता आणि हुकमी स्ट्रायकर फाल्काव दुखापतीमुळे बाहेर होता. सगळा भार २२ वर्षांच्या हामेसवर आला. मग २८ जूनला ब्राझीलच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेविरुद्धचा तो गोल झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गोलकडे पाठ असताना त्याने चेंडू छातीवर घेतला, खाली पडू न देता गर्रकन वळून डाव्या पायाने हाणला आणि तो क्रॉसबारला लागून आत गेला. वर्षातल्या सर्वात सुंदर गोलसाठीचा पुस्कास पुरस्कार त्या वर्षी याच गोलला मिळाला. पाच सामन्यांत सहा गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा गोल्डन बूटही त्यानेच नेला.

उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलकडून हरल्यावर हामेस रडत होता आणि ब्राझीलचाच डेव्हिड लुईझ त्याला कवेत घेऊन प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगत होता. ज्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता त्यांच्याही फोनवर हे दृश्य पोहोचलं. महिन्याभरात रिआल माद्रिदने त्याला घेतलं. जगभर चाहते असलेला क्लब, देखणा चेहरा आणि इन्स्टाग्राम घरोघरी पोहोचण्याचा तो काळ, सगळं एकाच वेळी जुळून आलं. पुढे तो बायर्न, एव्हर्टन, कतार, ग्रीस असा फिरत राहिला. पण खेळाडूने क्लब बदलला म्हणून कोणी अनफॉलो करत बसत नाही.

माझ्या मते खरं कारण मात्र कोलंबियाची पिवळी जर्सी आहे. क्लबात बाकावर बसणारा हामेस देशाकडून खेळताना वेगळाच दिसतो. २०२४ च्या कोपा अमेरिकाचंच, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेचंच बघा. साओ पाउलो या ब्राझीलच्या क्लबात त्याला फारसं खेळवत नव्हते, आणि इथे पठ्ठ्याने एकाच स्पर्धेत सहा असिस्ट (गोल करून देणारे पास) देऊन विक्रम केला, संघाला अंतिम फेरीत नेलं. अर्जेंटिनाकडून १-० असे हरले, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. ज्या देशाला एवढ्या वर्षांनी असा माणूस मिळाला, तो देश त्याला सोडेल कसा?

तरीही शंका असेल तर कोलंबियाचा सामना असेल त्या दिवशी त्याच्या पोस्टखालच्या कमेंट वाचा. पिवळी, निळी, लाल हृदयं आणि स्पॅनिशमधले लांबलचक आभार दिसतील. विकतचे फॉलोअर्स असं लिहीत नाहीत.