वाचक विचारतात : सगळे दिवे एकदमच का लुकलुकत होते?

प्रश्न : ताई, मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिक आहे. आमचे आठ कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर १६ पोर्टच्या (वायर खोचायच्या खाचांच्या) स्विचला, म्हणजे सगळी मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला, जोडलेले आहेत. ऑफिसला रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळंच ठप्प. स्विच बंद करून चालू केला की दोन-चार सेकंद चालायचा, मग पुन्हा तेच. सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात लुकलुकत होते. तंत्रज्ञ आला, त्याने एक वायर उपटली आणि सुरू! पैसे घेतले, कारण सांगितलं नाही. काय झालं होतं?

उत्तर : एका तालात लुकलुकत होते, हे तुम्ही लिहिलंत आणि माझं अर्धं काम झालं. एरवी दिवे ज्याच्या त्याच्या लयीत चमकतात.

स्विचला तुमचे कॉम्प्युटर आधीपासून माहीत नसतात. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला १२ अक्षर-अंकांचा एक मॅक पत्ता असतो. डेटा ज्या पाकिटातून जातो त्याला फ्रेम म्हणतात. तिच्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे दोन्ही पत्ते असतात. समजा, कॅशियरचं मशीन पोर्ट ३ वर आहे. तिथून फ्रेम आली की स्विच आधी पाठवणारा बघतो आणि टिपून ठेवतो : हा पत्ता, पोर्ट ३. घेणारा त्याच्या यादीत असेल तर फ्रेम फक्त त्याच पोर्टला जाते. नसेल, तर आली ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. बराच वेळ, बहुधा ३०० सेकंद, कोणी गप्प राहिला की त्याची नोंद पुसली जाते. बस, एवढंच. आतला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीनला दिलेला आकडी पत्ता, साधा स्विच वाचतही नाही.

काही फ्रेम मुळातच सगळ्यांसाठी असतात. कॅशियरला प्रिंट काढायची असली की तिचं मशीन आधी प्रिंटरच्या आयपी पत्त्याने हाक मारतं, ‘१९२.१६८.१.२० कोण?’ ही हाक स्विचला सगळीकडे पोहोचवावीच लागते.

आता रंगाऱ्यांकडे येऊ. त्यांनी वायरी काढल्या, संध्याकाळी परत खोचल्या. एक टोक लोंबत राहिलेलं दिसलं, तेही रिकाम्या पोर्टात गेलं. माझी पैज आहे, त्या वायरचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. समजा, ५ आणि ११ मध्ये. हाक ५ मधून बाहेर पडली, ११ मधून आत आली. स्विचला वाटलं, नवीनच आली. पुन्हा सगळीकडे, ५ मधूनही. दुसरी प्रत उलट्या दिशेने फिरतेय. आयपी पॅकेटवर किती टप्पे उरले याचा आकडा असतो, तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही, त्यामुळे ती फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीला सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लागतात.

वर यादीही बिघडते. कॅशियरची हाक ११ मधून परत आली, म्हणून स्विच लिहितो, ‘कॅशियर, पोर्ट ११.’ आता तिच्यासाठी आलेली उत्तरं त्या फिरत्या वायरीत जातात. बंद-चालू केल्यावर दोन-चार सेकंद मिळायचे, ते पहिली हाक जाईपर्यंतचे.

यावरचा उपाय जुना आहे. डेक या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीत असताना रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही रीत काढली. स्विच फेरा ओळखून एक पोर्ट अडवून ठेवतात. स्वस्तातल्या डब्यात ती सहसा नसते.

पुढच्या रंगकामाआधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहून चिकटपट्टी लावा. नवा स्विच घेताना दुकानदाराला ‘लूप प्रोटेक्शन (अशा फेऱ्यापासून संरक्षण) आहे का’ एवढं विचारा. तंत्रज्ञाने उपटलेली वायर मात्र ठेवून द्या, ती चांगली आहे.