वामनदादांची गाणी आणि बाबांची आठवण

प्रश्न : ताई, मार्चमधे बाबा गेले. चाळीत १४ एप्रिलला ते वामनदादा कर्डकांची गाणी गायचे, आता मोबाईलवर तीच लावते आणि रडू येतं, पण बंद पण करवत नाही. आई म्हणते नको ऐकूस, तिचं ऐकू का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : अगं ऐक, बिनधास्त ऐक! वामनदादा स्वतः दुःखातून आलेला माणूस. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्म, शाळा नाही, मुंबईत मिलमधे काम, कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, ते इतकं लागलं की मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत, आणि मग बाबासाहेबांवर अशी गाणी लिहिली की वस्तीतल्या ज्या बाईला सही येत नव्हती तिलाही ती तोंडपाठ. २००४ मधे दादा गेले, तरी जयंतीला गाणी त्यांचीच. मला तर वाटतं तुझ्या बाबांचा आवाज तुला त्यातच सापडतोय, म्हणून बंद करवत नाही. फक्त हेडफोन काढ आणि आईला शेजारी बसव, तिलाही कदाचित रडायचंच असेल गं.