उंबराला फूल कधीच दिसत नाही, मग आत बी कुठून येतं?

उंबराला फुलं येतात, भरपूर येतात, पण ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत असतात. वनस्पतिशास्त्राच्या तासाला मी मुलांना हेच करायला लावतो: कोवळं हिरवं उंबर उभं चिरायचं आणि भिंगातून बघायचं. आतल्या भिंतीला खसखशीएवढी फुलं दाटीवाटीने चिकटलेली असतात, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी बुजलेलं एक बारीक छिद्र. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरं आठवतात ना? परागीभवनाचं काम त्यांच्यातल्याच एका जातीचं. मादी त्या छिद्रातून आत घुसते तेव्हा तिचे पंख बहुधा तुटतात. ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत पिल्लं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं. पुढे बिनपंखी नर भिंत पोखरून वाट करतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. एवढ्याशा जिवावर अख्ख्या झाडाची पुढची पिढी अवलंबून आहे, त्यामुळे किडकं म्हणून उंबर फेकून देताना मला वाईट वाटतं.

एक मात्र लक्षात घ्या, हे सगळं अंजिराला सरसकट लागू करू नका. पुरंदरकडचं अंजीर परागीभवनाशिवायच धरतं, त्याला केंबरं लागत नाहीत.