तेरावा होऊन गेला, आता काकांच्या घरी जाऊ का?

ताई, मी २९ वर्षांचा, मूळचा बीड जिल्ह्यातला. राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. अभ्यासिकेत रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त काका माझे मित्र झाले. मेसला सुट्टी असली की ते माझ्यासाठी घरून डबा आणायचे. मुख्य परीक्षेत नापास झालो तेव्हा गावी सांगायची हिंमत होत नव्हती. काकांनी शेजारी बसून मला वडिलांना फोन करायला लावला. आता मी नाशिकला नोकरीला आहे. गेल्या महिन्यात काका गेले. मला ते तेरावं झाल्यावर कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. ऑफिसात डोळे भरून आले तर विचारलं, ‘नात्यातले होते का?’ त्यांच्या घरचे मला ओळखतही नाहीत. तरी जाऊ का? अजून मी त्यांच्या नंबरवर मेसेज टाकतो. त्यांच्या नावाची पाटी लावून अभ्यासिकेला पुस्तकं द्यावीत असंही मनात आहे.
– एक वाचक, नाशिक

बाळा, जा. नक्की जा.

उशीर झालाय असं मानू नकोस. सुतकात घर माणसांनी भरलेलं असतं. कोण आलं, कोण गेलं, हेसुद्धा काकूंच्या लक्षात राहिलं नसेल. पाहुणे आपापल्या गावी परतले की मग दिवस खायला उठतात, आणि नेमकं तेव्हाच कुणी फिरकत नाही. आधी फोन कर. ‘काकांच्या अभ्यासिकेतला मुलगा’ एवढी ओळख पुरेशी आहे.

तिथं गेल्यावर ‘फार चांगले होते’ एवढ्यावर थांबू नकोस, ते त्यांनी या महिन्यात शंभर जणांकडून ऐकलं असेल. तू त्या फोनची गोष्ट सांग. काकांच्या मुलांना वडील म्हणून ते माहीत आहेत. पण परक्याच्या नापास पोराशेजारी बसून राहिलेले काका त्यांनी कदाचित पाहिलेलेच नाहीत, ते तुझ्यापाशी आहेत. आणि डब्याचं तर सांगच. तो बहुधा काकूंनीच भरलेला असणार. त्यात काय असायचं, तुला काय आवडायचं, सगळं सांग. आपल्या हातचं कोण जेवत होतं ते त्या माउलीला कळू दे. रडू आलं तर येऊ दे. निघताना तेवढं ‘येतो’ म्हणायचं नसतं, हे तुला घरून माहीत असेलच.

ऑफिसातल्या त्या प्रश्नाने तुला आपलं दुःखच बेकायदा वाटायला लागलंय, हे पत्रात ओळीओळीत दिसतं. ज्या शोकाला समाज मोजत नाही, त्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक पुस्तकच काढलं. मित्र गमावलेली माणसं त्यात मोडतात. आपल्याकडे भाद्रपदात महालयाच्या वेळी आईवडील, आजी-आजोबा, काका, मामा, सासरे अशी नावं घेत घेत शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त यांच्यापर्यंत येतात. रक्ताचा संबंध नसलेल्यांचीही जागा तिथं धरलेली आहे. तू विधी कर असं मी म्हणत नाही. पण ‘मी त्यांचा कोण?’ हा प्रश्न आता सोडून दे.

मेसेज मात्र त्या नंबरवर नकोत. फोन आज काकूंच्या उशाशी असू शकतो. उद्या नंबर बंद झाला तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि तुझ्या मेसेजला ‘कोण?’ असं उत्तर आलं तर तुला ते सोसणार नाही. वहीत लिही. काका कधी चिडले असतील, तुझ्या निबंधावर फुल्या मारल्या असतील, तर तेही लिही. नुसत्या गुणांची यादी केलीस तर वर्षभरात त्यांचा चेहराच पुसट होईल. त्यांचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच दुसरीकडे साठवून ठेव, फोन बदलताना असलं सगळं हमखास जातं.

पुस्तकांचं म्हणशील, तर परीक्षेचा नमुना बदलला की गाइडं रद्दीत जातात. त्यापेक्षा अभ्यासिकेतल्या पेपरांची वर्षभराची वर्गणी भर. काका पेपर वाचायलाच यायचे ना? पाटी लावायची की नाही हे घरच्यांनी ठरवायचं, आणि पहिल्या भेटीत तो विषय काढूच नकोस. येत्या रविवारी पुण्याला जा. दुपारी काकूंना झोपेची वेळ लागेल, म्हणून चारनंतर.