केस रद्द करायची कोणी?

प्रश्न : मॅडम, आम्ही चार सर्जन मित्र (एक डोळ्यांचे, एक हाडांचे, दोघे जनरल) मिळून डे-केअर सर्जरी सेंटर काढायचं म्हणतोय. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी पेशंट घरी. वॉर्ड नको, रात्रपाळी नको. थिएटर दोन असावीत की तीन, यावरच गाडी अडलीय. आपण भूलतज्ज्ञ आहात आणि अशा सेंटरचा कारभारही पाहिलाय, म्हणून विचारतो.

उत्तर : थिएटर किती, हा वाद तूर्त बाजूला ठेवा. वॉर्ड आणि रात्रपाळी नसल्याने पैसे वाचतात हे खरंच, पण वाचलेले पैसे रिकाम्या टेबलावर बुडतात. टेबलावर पेशंट असो नसो, पगार, हप्ता, वातानुकूलन, मशिनांचा देखभाल-करार चालूच असतो. त्यामुळे पहिला पेशंट बाहेर गेल्यापासून दुसरा आत येईपर्यंत किती मिनिटं जातात, हे आधी मोजायला शिका. मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकतं. मधल्या साफसफाईला आणि मांडामांडीला तेवढीच वीस गेली, तर अर्धा दिवस फरशी पुसण्यात गेला म्हणायचा. हर्नियाला तास लागतो, तिथे तीच वीस मिनिटं एवढी टोचत नाहीत. म्हणून डोळे आणि हाडं एकाच थिएटरात आलटून-पालटून लावू नका. डोळ्यांचा मायक्रोस्कोप बाहेर, हाडांसाठीचं सी-आर्म हे एक्स-रे मशिन आत, परत उलटं, यात सगळ्यांचाच जीव जातो. ज्याचा त्याचा दिवस किंवा अर्धा दिवस ठरवून द्या.

आता अवजारं. १३४ अंशांवर निर्जंतुकीकरण होतं काही मिनिटांतच, पण धुणं, वाळवणं, बांधणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं मशिन) तापणं आणि सेट पुन्हा कोरडा होऊन निवणं धरलं तर तास सहज जातो. दहा केसेस आणि तीनच सेट असतील, तर चौथ्या केसला सर्जन हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून ताटकळतो. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फ्लॅश करून द्या ना!’ फ्लॅश म्हणजे न बांधता, उघड्यावरच झटपट केलेलं निर्जंतुकीकरण; ते असतं हातातून पडलेल्या एकुलत्या एका अवजारासाठी, रोजची यादी रेटण्यासाठी नव्हे. तिसऱ्या थिएटरचे पैसे सेट, दुसरा ऑटोक्लेव्ह आणि ऐसपैस रिकव्हरी (ऑपरेशननंतर पेशंट सावरेपर्यंत ठेवायची खोली) यांवर घाला.

रिकव्हरी म्हणते त्याला कारण आहे. बुपिव्हॅकेन या बराच वेळ टिकणाऱ्या औषधाची स्पायनल (कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणारी भूल) दिलेल्या पेशंटचे पाय तासन्‌तास हलत नाहीत, लघवी अडते. खाट अडली की पुढचा पेशंट थिएटरातच पडून राहतो आणि तुमची रिकव्हरी तिथेच भरते. कुठे ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) पुरेल, कुठे कमी वेळ टिकणारं औषध चालेल, हे हिशेबनीसाकडे जायच्या आधी भूलतज्ज्ञाशी बोला. डे-केअरची कल्पना तशी जुनीच. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी सुमारे नऊ हजार लहान मुलांची ऑपरेशनं करून त्यांना त्याच दिवशी घरी पाठवल्याचं १९०९ मध्येच मांडलं होतं. तरी इस्पितळाबाहेरचं, स्वतंत्र असं आजच्या धर्तीचं सेंटर उभं राहिलं ते १९७० मध्ये, अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात. ते काढणारे वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड दोघेही भूलतज्ज्ञ होते, हे मी जरा मुद्दामच सांगते. पुढे ऐंशीच्या दशकात प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध आलं, पेशंट चटकन आणि स्वच्छ जागा होऊ लागला आणि या धंद्याला खरा वेग आला.

तुम्ही पत्रात न विचारलेली गोष्ट मात्र मला जास्त सतावते. केस रद्द करायची कोणी? जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा, वजनदार पेशंट. साखर आटोक्यात नसलेला. सकाळी दूध पिऊन आलेला. सोबत कुणीच नसलेला. अशांपैकी एक जण रोज दारात उभा असणारच. त्याची केस रद्द केली, तर ती वेळ ऐनवेळी दुसऱ्या पेशंटने भरत नाही. शिवाय पेशंट ज्याचा, तो सर्जन सेंटरचा भागीदार. ‘घेऊ चालवून’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. भागीदारीच्या करारातच लिहा, की भूलतज्ज्ञाचा नकार अंतिम. आणि त्याला केसमागे पैसे देऊ नका, दिवसाचे द्या; नाहीतर नकार दिला की त्याचाच खिसा कापला जातो. आदल्या दिवशी नर्सने फोन करून उपास, चालू औषधं आणि सोबतीचं माणूस एवढं विचारलं, तरी ऐनवेळी केस रद्द करणं बरंचसं तिथेच टळतं. जवळच्या मोठ्या इस्पितळाशी पेशंट हलवण्याचा लेखी करार उद्घाटनाआधी हवा. आणि दर महिन्याला किती जणांना असं हलवावं लागलं, तो आकडा नफ्याच्या आकड्याशेजारी ठेवा.

प्रश्न : सासऱ्यांचं दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन दुपारी तीनला झालं आणि सहाला घरी पाठवलं. मळमळ चालूच होती. सेंटरला कुलूप लावायची घाई होती की काय?

उत्तर : शंका अगदीच गैर नाही. नाडी-रक्तदाब स्थिर, उठून चालताना गरगरत नाही, दुखणं गोळीने आटोक्यात, उलटी थांबलेली आणि रात्री घरात जाणतं माणूस, एवढं जमलं की पेशंट घरी जातो. घड्याळाचा त्यात संबंध नाही. पूर्ण भूल लागणारी ऑपरेशनं सकाळी आणि किरकोळ कामं दुपारी, अशी यादी लावणारं सेंटर मला शहाणं वाटतं. पुन्हा वेळ आली तर सकाळचीच वेळ मागा, आणि दिलेला नंबर रात्री अकराला कोण उचलतं तेही विचारून घ्या.

प्रश्न : रात्र राहिलो नाही, तरी मोतीबिंदूचं बिल इस्पितळाएवढंच कसं?

उत्तर : कारण बिलात खाटेचा वाटा मुळातच छोटा. भिंग, औषधं, थिएटर, सर्जन यांचा खर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. तरीही काही कमी व्हायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने १९८२ पासून अशा सेंटरांना पैसे द्यायला सुरुवात केली, आणि आज एकाच ऑपरेशनसाठी ती सेंटरला साधारणपणे इस्पितळापेक्षा कमीच देते. तुम्ही बाबवार बिल मागा. भिंगाच्या डबीवरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असतं. त्यावरचा प्रकार आणि बिलातला प्रकार एकच आहे ना, ते ताडून बघा.