फ्रेंच शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा

तुमचे प्रश्न दोन: सिलेबल (शब्दाचे उच्चारातले तुकडे) कसे पाडायचे, आणि 'एलेगां'मध्ये (élégant) दोन ई (e) अक्षरांवर तिरकी रेघ असूनही जोर 'गां'वर का. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तिथे फार जण अडतात. ती रेघ फक्त स्वराचा उच्चार 'ए' आहे एवढंच सांगते. जोराशी तिचा काही संबंध नाही.

आता तोडणं. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: आ-मी, का-मा-राद. दोन असतील तर मधून तोडा: पार-तीर, मेर-सी. देवनागरीत 'पार्तीर' लिहिलं की 'र्ती' एकत्र दिसतं आणि आपण 'पा'नंतर थांबतो. पण वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू का धरतात? अर्धं व्यंजन मागच्या अक्षराला जोडून उच्चारलं जातं, म्हणून. इथेही तेच. प, ब, क, फ यांच्यापुढे र किंवा ल आला, किंवा त पुढे र आला, तर मात्र जोडी फुटत नाही: आ-प्रे, ता-ब्लो. 'पार-ले'त र आधी आहे, म्हणून तो तुटतो.

हे सगळं एकट्या शब्दाचं झालं. बोलताना शब्दांच्या सीमा पुसल्या जातात, आणि खरी मेहनत इथेच घ्यायला हवी. 'आवेक एल' हे आ-वे-केल होतं, 'ले आमी' हे ले-झा-मी ('ले'च्या शेवटी लिहिलेला, एरवी मुका स इथे पुढच्या स्वराला झ म्हणून जोडला जातो). 'इल आरीव आ पारी' (तो पॅरिसला पोहोचतो) म्हणजे इ-ला-री-वा-पा-री: सहा सिलेबल, सगळे सारख्या मापाचे, फक्त शेवटचा 'री' लांबवायचा. आवाज चढवायचा नाही, लांबवायचा. पुढे 'स मातॅं' (आज सकाळी) जोडून एका दमात म्हणा: 'पारी'वरचा जोर गेला, तो आता 'तॅं'वर. भरभर बोलताना 'स'चा स्वर गळतो आणि पा-रीस-मा-तॅं ऐकू येतं. म्हणजे जोर शब्दाचा नसतोच, शब्दगटाच्या शेवटाचा असतो. शब्दकोशातून प्रत्येक शब्दाचा जोर पाठ करण्यात वेळ घालवू नका.

शेवटचा मुका ई, म्हणजे लिहिलेला पण सहसा न उच्चारलेला, जोर घेत नाही, म्हणून 'ताब्ल'मध्ये (table) जोर 'ता'वर. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय, तुलूझकडे हा ई बऱ्याचदा ऐकू येतो, तरी जोर 'ता'वरच राहतो. आज्ञार्थात मात्र उलट होतं: 'दॉन-ल' (ते दे) म्हणताना 'ल'चा ई पूर्ण उच्चारायचा आणि जोरही त्याच्यावरच द्यायचा.